दुर्बिणीत काही दिसलं नाही, पोट मात्र गच्चच: जठराचं काम तपासण्याबद्दल नेहमीचे प्रश्न

गॅमा कॅमेऱ्याच्या, म्हणजे किरणोत्सारी द्रव्याचा माग घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या, तपासणीला आलेला पेशंट चार तास आमच्या आसपासच असतो. एक फोटो झाला की पुढचा फोटो येईपर्यंत तो मोकळा, आणि त्या मोकळ्या वेळात जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं तेच. मी डॉक्टर नाही, न्यूक्लिअर मेडिसिन विभागातली तंत्रज्ञ आहे. औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. तपासणी कशी होते, कशाने बिघडते आणि कागदावरचा आकडा काय म्हणतो, एवढं मी सांगू शकते.

एंडोस्कोपी नॉर्मल आली. आता आणखी काय तपासायचं राहिलं?

काम तपासायचं राहिलं. दुर्बिणीतून जठराचं अस्तर दिसतं: व्रण, सूज, गाठ, रक्तस्राव. पण मोरीची फरशी चकाचक आहे म्हणून पाण्याचा निचरा नीट होतो असं काही नसतं. दोन घास खाल्ले की तडस लागते, सकाळी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत छातीशी बसल्यासारखं वाटतं, काल रात्रीच्या भाजीचा वास आजच्या ढेकरेला येतो, ही सगळी निचऱ्याची तक्रार असू शकते. अस्तर अशा वेळी बहुधा स्वच्छच असतं. मग घरचे म्हणतात, "काही नाही हो, टेन्शन घेते ती." या वाक्याचा मला फार राग आहे.

एक धागा मात्र दुर्बिणीतूनही मिळतो. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक दिसलं, तर ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. तो कागद घरी ठेवून येऊ नका.

म्हणजे दुर्बीण टाळून थेट हीच तपासणी केली तर?

नाही. विनाकारण वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी, उलटीतून रक्त, गिळताना घास अडकणं, हिमोग्लोबिन घसरणं, थांबतच नाहीत अशा उलट्या, यातलं काहीही असेल तर आधी दुर्बीणच. जठराच्या तोंडाशी अडथळा असेल तर आमच्या तपासणीत "उशिरा रिकामं होतं" एवढंच दिसेल. का, ते दिसणार नाही.

जठराचं काम म्हणजे नक्की कोणतं?

वरचा भाग सैल पडून अन्न साठवतो, खालचा भाग ते घुसळतो. अन्न साधारण १ ते २ मिलिमीटरइतकं बारीक झालं की पायलोरस नावाचं दार ते थोडंथोडं लहान आतड्यात सोडतं. पाणी भराभर जातं, घट्ट अन्नाला वेळ लागतो, तेल-तूप सगळ्यांत मागे रेंगाळतं. शिवाय आम्ल तयार करणं हे वेगळं काम. साठवण, घुसळण, निचरा आणि आम्ल या चारांना मिळून एक तपासणी नाही, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. पेशंट "पचनाची टेस्ट" मागतो, डॉक्टर निचऱ्याची लिहून देतात.

गॅमा कॅमेऱ्याच्या तपासणीत काय करतात?

तुम्हाला नाश्ता देतात आणि तो नाश्ता जठरातून किती वेगाने निघून जातो ते मोजतात. बस. नळी नाही, गुंगी नाही, बहुतेकांना सुईसुद्धा नाही.

नाश्ता मात्र ठरलेला. अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संस्थांनी २००८ मध्ये एकमताने ठरवलेला मेनू जगभर वापरतात: अंड्याचा पांढरा बलक, पावाचे दोन स्लाइस, जॅम आणि १२० मिलिलिटर पाणी. एकूण सुमारे २५५ कॅलरी, चरबी अगदी कमी. बलकात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळतात. त्यातही एक बारकावा आहे. द्रव्य कच्च्या बलकात घालून मग ते शिजवायचं, म्हणजे ते प्रथिनात धरून राहतं. शिजलेल्या अंड्यावर नुसतं शिंपडलं तर जठरात ते सुटून पाण्याबरोबर वाहून जातं, आणि घट्ट अन्न अजून तिथेच असताना कॅमेऱ्याला जठर रिकामं दिसतं. नाश्ता नीट करणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य. डोशाचा तवा आणि शिशाचा पडदा शेजारीशेजारी असलेली खोली तुम्ही दुसरीकडे कुठे पाहणार नाही.

हे दहा मिनिटांत संपवायचं असतं. एक आजोबा एकेक घास बत्तीस वेळा चावत होते. लहानपणापासूनची शिस्त. पंचवीस मिनिटं झाली तरी दुसरा स्लाइस हातातच. दोष त्यांचा नव्हता, आम्ही आधी सांगायला हवं होतं. पण शून्य मिनिट कुठून धरायचं हेच ठरेना, म्हणून त्या दिवशीची तपासणी सोडून द्यावी लागली.

खाऊन झालं की लगेच एक फोटो, मग १, २ आणि ४ तासांनी. प्रत्येक वेळी पुढून आणि पाठीमागून. कारण खाल्लेलं आधी जठराच्या वरच्या, पाठीकडच्या भागात बसतं आणि मग पुढे सरकतं. एकाच बाजूने मोजलं तर ते नुसतं सरकलं तरी वाढल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र करून हिशेब लावतात. त्यातून टेक्नेशियमची स्वतःची धगही उतरत असते. दर ६ तासांनी ती निम्मी होते, म्हणजे चौथ्या तासाला मूळच्या सुमारे ६३ टक्केच उरते. ती घट वजा केली नाही तर प्रत्येकाचंच जठर झकास चालतंय असं वाटेल.

चार तास बसवण्यापेक्षा दोन तासांत उरकता येत नाही का?

येतं, आणि काही ठिकाणी उरकतातही. पण काहींचं जठर पहिले दोन तास ठीक चालतं आणि शेवटचा भाग सोडायला अडतं. अशी माणसं दोन तासांच्या तपासणीत नॉर्मल ठरून घरी जातात. नाव नोंदवतानाच विचारा: "चार तासांचा फोटो काढता ना?"

रिपोर्टमधल्या टक्क्यांचा अर्थ काय?

जठरात किती उरलं, त्याचे ते टक्के. या ठरलेल्या नाश्त्याला २ तासांनी ६० टक्क्यांपेक्षा जास्त किंवा ४ तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त उरलं, तर निचरा मंद. उलट पहिल्याच तासात ३० टक्क्यांपेक्षा कमी उरलं, तर घाई झाली. जठराच्या ऑपरेशननंतर असं दिसतं. चौथ्या तासाला ११ ते २० टक्के म्हणजे सौम्य, ३५ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

हे आकडे त्याच नाश्त्याला लागू. घरून उपमा नेऊन खाल्ला आणि त्याला हे टक्के लावले, तर त्या कागदाला काही अर्थ नाही.

आम्ही अंडं खात नाही. किंवा त्या दिवशी चतुर्थी आहे.

हे रोजचं आहे. भारतातल्या काही केंद्रांनी शाकाहारी जेवण निरोगी माणसांना देऊन स्वतःचे नॉर्मल आकडे काढलेले आहेत. म्हणून "शाकाहारी चालेल का?" एवढ्यावर थांबू नका, "त्या जेवणाचे तुमचे नॉर्मल आकडे आहेत का?" असंही विचारा. उपवास असेल तर दिवस बदलून घ्या. एका मावशींनी फोनवर हो-हो म्हटलं आणि प्लेट समोर आल्यावर आठवलं की आज संकष्टी. मिसळलेलं द्रव्य परत बाटलीत जात नाही, आणि दुसऱ्या पेशंटसाठी ठेवावं तर ते वाट पाहत नाही.

किरणोत्सर्गाची भीती वाटते.

वाटणं साहजिक आहे. या तपासणीत अंगाला मिळणारी मात्रा साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत-बाहेर असते. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. गरोदर असाल किंवा शंका असेल तर मात्र आधी सांगा, तपासणी पुढे ढकलता येते. बाळाला अंगावर पाजत असाल तरी सांगा.

हे टेक्नेशियम येतं कुठून, हेही पुष्कळजण विचारतात. मॉलिब्डेनम-९९ भरलेला एक जनरेटर असतो. त्यातलं मॉलिब्डेनम आपोआप टेक्नेशियममध्ये बदलत राहतं आणि सकाळी मिठाचं पाणी सोडून ते काढून घेतात. जगभर या जनरेटरला गमतीने गाय म्हणतात, कारण तिचं रोज दूध काढायचं. देशात असे जनरेटर पुरवणारी 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईत वाशीला आहे. मॉलिब्डेनमची धग ६६ तासांत निम्मी होत असल्याने आठवडा संपत आला की गाय आटते. तुमची तारीख "सोमवारी या" अशी का मिळते, त्याचं एक कारण हे.

उपाशी या म्हणता. चहा चालतो ना?

नाही चालत. आमच्याकडच्या फेरतारखांमध्ये चहाचा वाटा सगळ्यांत मोठा असावा. "काही खाल्लं नाही, चहा तेवढा घेतला." दूध-साखरेचा चहा हे जठराच्या दृष्टीने खाणंच. रात्री जेवून झोपा, सकाळी काही नको.

त्याहून जास्त घात करते ती उशाशी ठेवलेली गोळी. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल सर्रास डॉमपेरिडोनबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. डॉमपेरिडोन जठराला ढकलतं. ती कॅप्सूल घेऊन तपासणी केली, तर आम्ही तुमचं जठर मोजत नाही, कॅप्सूल मोजतो. जठराची चाल वाढवणारी आणि मंदावणारी औषधं साधारण २ दिवस आधी थांबवतात. मंदावणाऱ्यांत ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि पोटातल्या मुरड्यावरची औषधं येतात. पण कुठलं थांबवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, आपल्या मनाने नको. नाव पाठ नसेल तर रिकामं पाकीट घेऊन या.

आणि मशेरी. विडी-सिगारेट ओढता का, हे फॉर्मवर छापलेलं असतं. मशेरी कोणी छापत नाही. गावाकडच्या बायका "मी तंबाखू खात नाही" असं अगदी खरं मानून सांगतात आणि सकाळी दातांना मशेरी लावूनच आलेल्या असतात. निकोटिन जठराची चाल बदलतं. मी आता थेट विचारते, "आज मशेरी लावली का?" लाजायचं काही कारण नाही, तेवढी एक सकाळ राहू द्या.

डायबेटिस आहे. इन्सुलिन घेऊ की नको?

परस्पर बंद करू नका. नाश्त्याबरोबर किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा. सकाळी बोटातून साखर तपासतात. ती २७५ च्या वर असेल तर तपासणी पुढे ढकलणं बरं, कारण वाढलेली साखर स्वतःच जठराला मंद करते. बरीच वर्षं डायबेटिस असलेल्यांत जठराच्या नसा दुखावतात. मग अन्न उशिरा उतरतं, इन्सुलिन मात्र वेळेवर लागतं, आणि जेवणानंतर साखर एकदम खाली येते. कारण न कळणारे असे चढउतार हेसुद्धा ही तपासणी लिहून देण्याचं कारण असतं.

वजन कमी करायला किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर नक्की सांगा. जठर मंद करणं हा त्या औषधाच्या कामाचाच भाग आहे.

युरियाची फुंकर-चाचणी म्हणजे हीच का?

नाही, ती जंतूची. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिलं की जठराच्या सुजेमागे आणि अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. लोक मानेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू युरिया फोडतो. म्हणून खूण केलेला कार्बन असलेला युरिया पाजायचा आणि अर्ध्या तासाने फुंकर घ्यायची. जंतू असेल तर तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. फुगा फुगवावा तसं पिशवीत फुंकायचं, एकदा आधी, एकदा नंतर.

त्यात दोन प्रकार आहेत. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, म्हणून मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी तोच बरा. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, पण मात्रा फार थोडी. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं आहे हे इंटरनेटवर वाचून एक काका घाबरून उठून चालले होते. तो कार्बन अंगात तेवढी वर्षं राहत नाही, बहुतेक सगळा काही दिवसांत श्वासातून आणि लघवीतून निघून जातो, हे सांगितल्यावर बसले.

इथेही ॲसिडिटीच्या गोळ्या आड येतात, वेगळ्या कारणाने. त्यांच्यामुळे जंतू दबून बसतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. पँटोप्राझोलच्या जातीची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असायला हवं. औषधाचा कोर्स झाल्यावर जंतू गेला का, हे पाहायलाही किमान ४ आठवडे थांबायचं. फुंकायचं नसेल तर शीच्या नमुन्यातून जंतूचं अँटिजेन, म्हणजे जंतूच्या अंगचा अंश, तपासता येतं. तेही चांगलं, फक्त डबी आणायला लोक टाळाटाळ करतात.

भाकरीमुळे फुंकर-चाचणी बिघडते हे खरं आहे?

अर्धं खरं. कार्बन-१३ निसर्गात सगळीकडे थोडा असतोच, एकूण कार्बनच्या सुमारे १.१ टक्के. पण ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात, आणि त्यांच्यात तो गहू-तांदळापेक्षा किंचित जास्त साठतो. सोलापूरकडचा भाकरी खाणारा माणूस आणि कोकणातला भातखाऊ यांच्या श्वासातच मुळात थोडा फरक असू शकतो. म्हणूनच युरिया पिण्याआधीची फुंकर घेतात आणि नंतरच्या आकड्यातून ती वजा करतात. रोज भाकरी खाता म्हणून काही बिघडत नाही. चाचणीच्या सकाळी उसाचा रस पिऊन आलात, तर बिघडतं.

जठराचा निचरा फुंकरेवरून कळत नाही का?

कळतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये अंड्याच्या पिवळ्या बलकात कार्बन-१३ चं ऑक्टॅनोइक आम्ल घालून ही पद्धत मांडली. ते आम्ल जठरात शोषलं जात नाही. आतड्यात उतरलं की शोषलं जातं, यकृतात जळतं आणि श्वासातून बाहेर पडतं. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या चाचणीत त्याऐवजी स्पिरुलिना हे शेवाळ वापरतात. किरणोत्सर्ग नाही, कॅमेरा नाही, नमुने कुरिअरने पाठवता येतात. मात्र यकृत, फुप्फुस, स्वादुपिंड किंवा आतडं बिघडलेलं असेल तर आकडा फसवतो. आपल्याकडे ही अजून सहज मिळत नाही.

हायड्रोजनची फुंकर-चाचणी?

ती आतड्याची. दूध पचतं का, आतड्यात जंतूंची गर्दी झाली आहे का, यासाठी.

साध्या सोनोग्राफीत जठर दिसत नाही?

दिसतं, आणि याबद्दल लोकांना फार कमी माहिती आहे. जठराचा खालचा भाग, अँट्रम, यकृताच्या डाव्या कडेशी सापडतो. रिकामा असेल तर चपटा आणि लहान, भरला की फुगीर. जेवणाआधी आणि नंतर त्याचं क्षेत्रफळ ठरावीक वेळाने मोजत गेलं की निचऱ्याचा अंदाज येतो. भूलतज्ज्ञ हल्ली ऑपरेशनआधी पोट खरंच रिकामं आहे का, हे असंच पाहतात. अडचण अशी की वायू मध्ये आला की काही दिसत नाही, आणि सगळा भार करणाऱ्याच्या हातावर. शिवाय सोनोग्राफीच्या रांगेत एका पेशंटला दोन-तीन तास कोण देणार?

जठराचा ईसीजी असतो म्हणे?

असतो, ईजीजी, म्हणजे इलेक्ट्रोगॅस्ट्रोग्राफी. जठराचेही स्वतःचे विद्युतठोके असतात, मिनिटाला साधारण ३. हृदयाच्या मानाने अगदी संथ काम. वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसाच्या पोटावरून ते नोंदवले. पोटावर चिकटपट्ट्या लावायच्या, उपाशीपोटी थोडा वेळ नोंद घ्यायची, मग खायला देऊन पुन्हा. पण खोकला आला, कूस बदलली, बोललं तरी नोंद हलते, आणि ताल कळला तरी जोर कळत नाही. म्हणून ही तपासणी बराच काळ मागे पडली होती. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मंडळींनी ६४ इलेक्ट्रोडची एकच लवचीक पट्टी बनवली आहे. तिच्यावर लाट कुठल्या दिशेने जाते तेही दिसतं. मला स्वतःला सगळ्यात उत्सुकता हिचीच आहे.

आम्ल कमी की जास्त, हे रक्तातून कळतं का?

थेट नाही. पेप्सिनोजेन आणि गॅस्ट्रिन या जठराच्या अस्तरात बनणाऱ्या द्रव्यांच्या पातळीवरून आम्ल बनवणारं अस्तर झिजलं आहे का, याचा अंदाज येतो. छातीत जळजळ होते म्हणून ही तपासणी करण्यात अर्थ नाही.

सकाळी खायचा सोडा पिऊन ढेकर यायला किती वेळ लागतो, ते पाहायचं म्हणतात.

मोबाईलवर फिरणारी ही "चाचणी" आहे. सोडा आणि आम्ल मिळून वायू होतो, इथपर्यंत ठीक. पण ढेकर कधी येईल हे किती हवा गिळली, सोडा किती घेतला, आडवे आहात की उभे, यावरही ठरतं. ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर या नादी लागूच नये, त्यात सोडियम भरपूर असतं.

निचरा नॉर्मल आला. म्हणजे पुन्हा "टेन्शन"?

नाही. निचरा ठीक असूनही जठराचा वरचा भाग सैल पडत नसेल, तर दोन घासांतच पोट भरतं. नसा जास्त हळव्या असतील, तर साधं जेवणही दुखतं. यांची तपासणी अवघड आहे, म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत. उलटंही होतं: ४ तासांनी २० टक्के उरलेला माणूस मजेत असतो आणि ८ टक्केवाली बाई हैराण. आकडा आणि त्रास यांचं नातं सैल आहे. वर्षभराने तीच तपासणी पुन्हा केली तर बऱ्याच जणांचा गट, मंद की नॉर्मल, बदलतो. एका कागदावर आयुष्यभराचं निदान चिकटवून घेऊ नका.

येताना सोबत काय आणू?

दुर्बिणीचा रिपोर्ट. चालू औषधांची पाकिटं, आयुर्वेदिक चूर्ण आणि काढ्यासकट. डायबेटिस असेल तर साखरेची वही. पाळीची तारीख, कारण पाळीच्या उत्तरार्धात जठर थोडं संथ होऊ शकतं, आणि जमलं तर पहिल्या दहा दिवसांत बोलावतात. सैल कपडे. वाचायला काहीतरी, कारण चार तासांत मोबाईलची बॅटरी संपते आणि आमच्याकडे चार्जिंगचं बटण एकच आहे. बरोबरच्या माणसाला डबा बाहेर बसून खायला सांगा. उपाशी पेशंटच्या शेजारी बटाटेवडा उघडणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत.